समुद्र आकाशाहून उजळ कसा?

रायपूरकरांना समुद्र लांबचा. सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या आसपासच्या मराठी घरांत, सुट्टीच्या बेतात एकदा समुद्र आला की तो अर्धामुर्धा चालत नाही. नकाशावरचं बोट सरकत सरकत अंदमानवर जाऊन थांबतं. सावरकरांची कोठडी पाहायची असते, राधानगरचा किनारा पाहायचा असतो आणि परतल्यावर दोन्हींचे फोटो नातेवाइकांना दाखवायचे असतात. हे फोटो ढोबळमानाने दोन जातींचे निघतात. पहिल्या जातीत वाळू आणि आकाश पांढरंफटक, झाडं काळीठिक्कर, आणि झाडाखाली उभी असलेली माणसं कोण ते सांगावं लागतं. दुसऱ्या जातीत सगळंच दिसतं: ढगाची कड, लाटेचा फेस, खोडाची साल, चेहरे, मागचं जंगल. तरीही काहीतरी खटकतं. ऊन आहे पण चटका नाही, सावली आहे पण गारवा नाही. हा दुसरा प्रकार ‘हाय डायनॅमिक रेंज’, म्हणजे एचडीआर तंत्राचा. या तंत्राबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं: बेटावरच्या निसर्गचित्रणाला एचडीआरची गरज इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त आहे, त्यात लबाडी काहीच नाही, पण या तंत्राचं खरं काम अंधार घालवणं हे नाहीच. कोणता अंधार ठेवायचा हे ठरवणं, हे त्याचं काम आहे. आणि हे दुसरं काम आपण न विचारता मोबाईलवर सोपवून मोकळे झालो आहोत.

आधी उन्हाचा हिशेब. निरभ्र दुपारी उघड्या जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. हॅवलॉक बेटावर (२०१८च्या डिसेंबरपासून सरकारी नाव स्वराज द्वीप) राधानगरची वाळू फिकट आणि बारीक आहे. अशी कोरडी वाळू पडलेल्या प्रकाशाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते. वाळू संपते तिथे लगेच उंच, दाट जंगल सुरू होतं. (या बेटांच्या किनाऱ्यांवर समुद्र-महुआ नावाचा वृक्ष भेटतो, छत्तीसगडच्या मोहाचा आणि आपल्या चिकूचा तो कुळबंधू.) दाट पानांखाली उघड्यावरच्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ, आणि खोडाची काळपट साल त्यातलाही जेमतेम दहावा भाग परत करते. म्हणजे वाळूकडून येणारा प्रकाश ४०,००० धरला तर खोडाकडून येणारा १००. चारशेपट तफावत, तीही शेजारशेजारच्या दोन वस्तूंमध्ये. छायाचित्रकार ही तफावत ‘स्टॉप’मध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. चारशेपट म्हणजे साडेआठ स्टॉपच्या वर. त्यात उन्हाने पेटलेली ढगाची कड आणि मुळांच्या बेचक्यातला काळोख धरला की हिशेब बारा-तेरा स्टॉपवर जातो. सूर्य स्वतःच चौकटीत आला तर मोजदादच सोडावी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रायपूरचं मे महिन्यातलं ऊन अंदमानच्या उन्हापेक्षा मवाळ नसतं, पण मोकळ्या मैदानात ते सगळ्यांवर सारखंच बरसतं, म्हणून तिथे तफावत कमी. बेटावर वर पांढरा ढग, खाली पांढरी वाळू आणि मध्ये काळंभोर जंगल असतं. प्रश्न उन्हाच्या कडकपणाचा नाही, ऊन आणि सावली एकाच चौकटीत येण्याचा आहे.

आता साधनांचा हिशेब. चांगला फुलफ्रेम कॅमेरा एका रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाईलमध्ये चौदा स्टॉपच्या जवळपास पकडतो. मोबाईलचा चिमुकला सेन्सर एका टिपणात त्याहून बराच कमी. पण खरी चिंचोळी वाट पुढे आहे. चकचकीत फोटोपेपरवरचा सर्वांत पांढरा ठिपका सर्वांत काळ्या ठिपक्यापेक्षा शे-दोनशेपट उजळ असतो, म्हणजे सात-साडेसात स्टॉप. साध्या पडद्यावर हजारपट, म्हणजे दहा. तेरा स्टॉपचा देखावा सात स्टॉपच्या कागदावर बसवायचा आहे. नऊवारी पेटीत बसवायची तर घडी घालावी लागते. कापून बसवली तर ती नऊवारी राहत नाही. साध्या फोटोत नेमकं कापलं जातं, एक तर ढगाकडून किंवा खोडाकडून. एचडीआर घडी घालतं. पद्धत सोपी आहे: एकाच चौकटीचे तीन फोटो, एक मधला, एक दोन स्टॉपने काळा, एक दोन स्टॉपने उजळ. यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांत ते आपोआप होतं. अॅपर्चर आणि आयएसओ तेच ठेवून फक्त शटरचा वेग बदलायचा, कारण अॅपर्चर बदललं की फोकसची खोली बदलते आणि तीन फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. काळ्या फोटोतून ढग, उजळ फोटोतून खोड, मधल्यातून बाकीचं.

यावर जुन्या वळणाच्या छायाचित्रकारांचा आक्षेप ठरलेला: तीन फोटो जोडून केलेला फोटो हा फोटोच नव्हे. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने नाही. १८५०च्या दशकातली कलोडियनची काच, म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह, निळ्या प्रकाशाला फार हळवी होती. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरं पांढरं होऊन जायचं. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५७मध्ये सेतच्या किनाऱ्यावरच्या लाटेचं जे प्रसिद्ध छायाचित्र केलं, त्यात समुद्र एका निगेटिव्हमधला आहे आणि आकाश दुसऱ्या. सांधा क्षितिजरेषेत लपवलेला. त्याच सुमारास, १८५४मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. रसायनांचं हे दुखणं तिथल्या मंडळींनाही चुकलेलं नव्हतं. किनारा एका काचेत मावत नाही ही अडचण छायाचित्रणाच्या बाळपणापासूनची आहे. शिवाय ‘डोळ्याने पाहिलं तसं’ हा निकष लावायचा तर डोळा तरी एका टिपणात कुठे पाहतो? वाळूवरून नजर जंगलाकडे वळली की बाहुली रुंदावते, दृष्टिपटलाची संवेदना बदलते, आणि या तुकड्यातुकड्यांतून मेंदू एक अखंड देखावा रचून आपल्यापुढे ठेवतो. राधानगरला उभ्या असलेल्या माणसाला ढगही दिसतो आणि खोडही दिसतं. ज्या फोटोत यातलं एक नाहीसं झालं आहे त्याला अस्सल आणि ज्यात दोन्ही आहेत त्याला नक्कल म्हणणं, हे उलटं आहे.

इथवर एचडीआरची वकिली. पण घडी कशी घालायची याचा सर्वांत चांगला धडा मला छायाचित्रणात नव्हे, चित्रकलेत दिसतो. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजून पाहतात. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड आहे आणि बोटांच्या कडांमधून तांबडा उजेड झिरपतो आहे. चित्र जलरंगातलं आहे. म्हणजे उजेड जो काही आहे तो कागदाच्या पांढरेपणाचा. कागद स्वतः काही प्रकाश देत नाही. खऱ्या ज्योतीत आणि खोलीच्या खऱ्या कोपऱ्यात हजारो पटींचं अंतर असतं, ते हळदणकरांनी कागदाच्या तुटपुंज्या आवाक्यात बसवलं. आजच्या भाषेत हे हाताने केलेलं टोन मॅपिंग. आता त्या चित्रातला उजेड येतो कुठून ते पाहा. तो येतो भोवतीच्या जागेतून, जी त्यांनी गडद ठेवली आहे, आणि चेहऱ्यावर उजेड जिथे उतरत जातो त्या सावकाश उतारातून. मागच्या भिंतीचा पोत दिसावा म्हणून कुणी ती जागा उजळली, तर ज्योतीचा रंग हलणार नाही, पण दिवा विझेल. चौकटीतली प्रत्येक गोष्ट दिसलीच पाहिजे हा हट्ट आणि प्रकाश जाणवला पाहिजे ही इच्छा, या दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

संगणकाच्या युगात हे काम दोन पायऱ्यांत होतं आणि त्या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखणं फार महत्त्वाचं आहे. पहिली पायरी जोडणीची. १९९७मध्ये पॉल डेबेव्हेक आणि मथुरेत जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या साध्या फोटोंवरून प्रत्येक ठिकाणचा खरा सापेक्ष प्रकाश कसा काढायचा याचं गणित मांडलं. इथे मताला वाव नाही. खोडाकडून किती प्रकाश आला आणि ढगाकडून किती, ही मोजणी आहे, ती बरोबर असते किंवा चूक. दुसरी पायरी टोन मॅपिंगची, म्हणजे मोजलेला सगळा प्रकाश कागदावर किंवा पडद्यावर बसवण्याची. इथे बरोबर उत्तर एक नाही. सगळ्या चित्रावर एकच वक्र लावता येतो. त्यात प्रकाशाची उतरंड टिकते, पण चित्र जरा मवाळ पडतं. किंवा चित्राचे छोटे छोटे भाग घेऊन प्रत्येकात स्वतंत्रपणे उठाव आणता येतो. त्यात तपशील उसळून वर येतात, पण उतरंड मोडते. २००३च्या सुमारास फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअर हौशी लोकांच्या हातात आली आणि पुढची काही वर्षं जगभर दुसऱ्या प्रकाराचा धुमाकूळ चालला: धुरकट ढग, माडाच्या झावळ्यांभोवती पांढरट प्रभावळ, वाळूच्या प्रत्येक कणाला धार. एचडीआर बदनाम झालं ते इथे. गुन्हा दुसऱ्या पायरीचा, शिक्षा मात्र सगळ्या तंत्राला झाली.

उतरंड मोडली आहे की नाही हे ओळखायला बेटावर एक फार चांगली कसोटी हाताशी आहे, ती म्हणजे पाणी. संध्याकाळी लाट मागे सरली की राधानगरची ओली वाळू आरशासारखी होते आणि तिच्यात आकाश उतरतं. पण पाणी हा अपुरा आरसा आहे. सरळ खाली पाहिलं तर ते पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दोन टक्के परत देतं, नजर जितकी तिरकी होईल तितका हा वाटा वाढतो, पण पूर्ण कधीच होत नाही. म्हणून प्रतिबिंबातलं आकाश हे खऱ्या आकाशापेक्षा नेहमी थोडं गडद असलंच पाहिजे. फोटोत ओली वाळू किंवा संथ समुद्र आकाशाच्या बरोबरीने किंवा त्याहून उजळ दिसत असेल, तर घडी चुकली. पाहणाऱ्याला भौतिकशास्त्र आठवत नाही, पण हे खटकतं जरूर. जन्मभर पाण्यात आकाश पाहिलेला डोळा फसत नाही. कसोटीला अपवाद आहेत: सूर्याच्या थेट प्रतिबिंबाचा चकाकता पट्टा, लाटेचा फेस, आणि दुपारच्या उन्हातलं पांढऱ्या वाळूवरचं उथळ पाणी. ही तिन्ही निळ्या आकाशाहून खरोखरच उजळ असू शकतात. ते सोडले तर ही कसोटी चालते, आणि तिच्यासाठी समुद्रच हवा असंही नाही. रायपूरच्या बूढ़ा तालाबावर वारा पडलेल्या संध्याकाळी मोबाईल धरला तरी पुरे.

पण मोबाईल हे सगळं आपोआप करतोच की, मग डोकं कशाला घालायचं? हा आक्षेप आजचा, आणि अर्धा बरोबर आहे. २०१०मध्ये आयफोनवर तीन फोटो जोडणारं एचडीआर आलं. २०१३मध्ये गुगलने नेक्सस ५ या फोनवर वेगळी युक्ती आणली: काळे-उजळ फोटो घेण्याऐवजी मुद्दाम काळेच ठेवलेले अनेक फोटो भराभर घ्यायचे, म्हणजे ढग कुठेच जळून कोरा पांढरा होत नाही, आणि त्यांची सरासरी काढून सावलीतला दाणेदारपणा घालवायचा. काही सेन्सरमध्ये तर शेजारशेजारच्या पिक्सेलना वेगवेगळं एक्स्पोजर दिलेलं असतं. या कल्पनेवर २०००मध्ये श्री नायर यांनी सोनीच्या टोमू मित्सुनागा यांच्याबरोबर शोधनिबंध लिहिला. नायर हे रांचीजवळच्या मेसऱ्याच्या बीआयटीचे विद्यार्थी, आता कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. थोडक्यात, पहिली पायरी मोबाईलने उत्तम सोडवली आहे, तिथे आपण त्याच्याशी स्पर्धा करू नये. दुसरी पायरीही तो करतो, पण तिथे त्याला काहीच माहीत नसतं. त्याला चेहरा कळतो, आकाश कळतं, झाडी कळते. ही सावली तुम्हाला सावलीच हवी आहे हे कळत नाही. त्याला बहुतेकांना बहुतेक वेळा आवडेल असं चित्र द्यायचं असतं, आणि छोट्या पडद्यावर क्षणभर पाहणाऱ्या बहुतेकांना उजळलेली सावली आवडते. अंदमानचं जंगल म्हणूनच बागेसारखं दिसू लागतं.

फोनचा हा स्वभाव समजून घ्यायला अंदमानपर्यंत जायची गरज नाही. चौबे कॉलोनीतल्या कुठल्याही घरात दुपारी बारा वाजता दिवे बंद करून खोलीच्या आतल्या भिंतीपाशी उभं राहावं आणि खिडकीचा फोटो घ्यावा. बाहेरचं उन्हातलं अंगण आणि आतला कपाटाखालचा कोपरा यांतलं अंतर किनारा आणि जंगल यांच्यातल्या अंतराच्या जवळपास जातं. पडद्यावर कपाटाला बोट टेकवलं की खिडकी पांढरी होते आणि गजही त्या पांढऱ्यात विरघळतात. खिडकीला टेकवलं की अंगणातलं झाड पानापानानं दिसतं आणि खोली बुडते. बोट तसंच दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह असलेली पट्टी येते, ती खाली ओढत जावी आणि फोटो काढत जावा. थोडं खाली ओढल्यावर एक टप्पा असा येतो की खिडकीत झाड आहे, कपाट कपाट म्हणून ओळखू येतं, पण त्याच्याखालचा कोपरा काळा आहे. खोलीत दुपार जाणवते ती या टप्प्यावर. किनाऱ्यावर करायचं ते हेच, फोनने सुचवलेल्या उजेडापेक्षा थोडं खाली. नंतर वर आणणं सोपं असतं. एकदा जळलेला ढग मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

प्रत्यक्ष बेटावर गेल्यावर पहिली गडबड घड्याळाची होते. भारताची प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखावृत्तावर ठरते ते छत्तीसगडमधूनच जातं, त्यामुळे रायपूरच्या घड्याळात बारा वाजले की सूर्यही माथ्याच्या आसपास असतो. अंदमान अकरा अंश पूर्वेला. तिथे मध्यान्ह घड्याळाच्या पाऊण तास आधी होते आणि डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. नाश्ता उरकून सावकाश निघणारा पाहुणा किनाऱ्यावर पोचतो तेव्हा तिथली दुपार झालेली असते. सकाळ-संध्याकाळचेच फोटो घ्या, दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा, हा पुस्तकी सल्ला मात्र इथे मला मान्य नाही. उथळ पाण्याचा तो प्रसिद्ध हिरवट निळा रंग दुपारीच खुलतो. सूर्य वर असला की प्रकाश पाण्यावरून सटकत नाही, आत शिरतो. पाणी त्यातला तांबडा भाग शोषतं, तळाची पांढरी वाळू उरलेला परत पाठवते. सूर्य खाली गेला की पाणी आरसा होतं आणि रंग आकाशाचा दाखवतं. म्हणजे पाण्याचा रंग हवा तर दुपार हवी, आणि दुपार हवी तर एचडीआर टळत नाही. लेन्सवर पोलरायझर फिरवला तर पाण्यावरची चकाकी कमी होते आणि तफावतही थोडी आटोक्यात येते. मात्र फार रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला जास्त गडद होतं.

दुसरी गडबड हलणाऱ्या गोष्टींची. तीन फोटोंत लाट तीन ठिकाणी असते, झावळी तीन ठिकाणी, आणि जोडल्यावर त्यांची भुतं उमटतात. सॉफ्टवेअरमध्ये भुतं घालवण्याची सोय असते. तिथे एक फोटो मुख्य निवडून लाट त्याच्यातलीच ठेवावी. ट्रायपॉड वाळूत ठेवला तर प्रत्येक लाट पायाखालची वाळू काढून नेते, म्हणून पाय आधी दाबून रुतवावे लागतात. भर दुपारी शटर इतकं वेगवान असतं की हातातही भागतं. आणि या सगळ्याहून जास्त नुकसान करणारी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे: लेन्सवरचे खारे तुषार आणि बोटांचा तेलकटपणा. सूर्याचा प्रकाश त्या थरावर पसरून फोटोतल्या अंधारावर सांडतो. खोडाची साल जिथे काळी असायला हवी तिथे राखी होते, आणि तीन नव्हे तीस फोटो जोडले तरी तो सांडलेला प्रकाश वेगळा काढता येत नाही. एसीच्या खोलीतून दमट हवेत आल्यावर लेन्सवर धरणारं दव हाही त्याच्याच जातीचा शत्रू. कॅमेरा बंद पिशवीत राहू देऊन बाहेरच्या हवेइतका कोमट झाल्यावर काढावा.

एचडीआर सगळीकडे लागतं असं मात्र नाही. चौदा स्टॉपचा कॅमेरा हातात असेल तर सूर्य चौकटीबाहेर असताना एक रॉ फाईल, ढग जळणार नाही इतकी काळी घेतलेली, बहुधा पुरते. मोकळ्या समुद्राचं क्षितिज सरळ असतं, तिथे वरून गडद आणि खालून पारदर्शक फिल्टरही काम देतो. माड क्षितिज ओलांडून वर गेला की त्याचा शेंडा मात्र फिल्टरच्या काळोखात सापडतो. सूर्यास्ताला होडी किंवा माणूस निव्वळ काळ्या आकृतीतच शोभतो, तिथे एचडीआर बंद करणं उत्तम. शहीद द्वीपावरच्या, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावरच्या, खडकाच्या नैसर्गिक कमानीपाशी तीन फोटो घ्यायला हवेत, कारण कमानीच्या पोटातला खडक आणि तिच्यातून दिसणारं पाणी दोन्ही महत्त्वाचं आहे. बाराटांगच्या खारफुटीतल्या बोटीतून घेतलेल्या फोटोंचंही तसंच. (त्या वाटेवर जारवा लोकांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे, आणि तो नियम योग्यच आहे.)

एका ठिकाणी मात्र फोनची चांगुलपणाची सवय सरळ खोटं बोलायला लावते. सावरकर १९११ ते १९२१ अंदमानात होते. सेल्युलर जेलच्या कोठड्या साधारण साडेचार मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद. हवा-उजेडाला मागच्या भिंतीत तीन मीटर उंचीवर एक झरोका. तुरुंगाचे बाहू असे बांधलेले की समोरच्या कोठडीतला माणूस दिसू नये. बाहेरच्या व्हरांड्यात ऊन आणि आत अंधार, म्हणजे एचडीआरचा अगदी पाठ्यपुस्तकी प्रसंग. फोन झरोक्यातलं आकाश सांभाळतो, भिंती उजळतो, कोपरे स्वच्छ करतो आणि हातात देतो एक बरीशी रिकामी खोली, गेस्ट हाऊसची असावी तशी. मोजणीत चूक काहीच नाही. चुनाही दिसतो, फरशीही दिसते. पण त्या जागेचं वर्णनच मुळात कमी उजेड हे आहे. इथे झरोक्याला एक्स्पोजर द्यावं, भिंतींवर उजेड उतरत कुठवर पोचतो तेवढंच दाखवावं आणि खालचा तिसरा हिस्सा बुडू द्यावा. सगळं दिसणारा फोटो माहितीपूर्ण असतो, असं यावर कुणी म्हणेल. माप, दार, कडी यांची माहिती हवी असेल तर उजळ फोटो जरूर घ्यावा, पण तो नोंदीसाठी ठेवावा. राधानगरच्या जंगलाला जो नियम तोच इथे. इथे फक्त त्याची किंमत जास्त कळते.

राहिला प्रश्न हे फोटो पाहायचे कशावर. अलीकडच्या फोनच्या पडद्यांनी हिशेब थोडा बदलला आहे. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून फोटोच्या फाईलमध्ये कुठे किती जादा उजेड द्यायचा याचा नकाशा ठेवण्याची सोय आली. योग्य पडदा असेल तर ढगाची कड बाकी चित्रापेक्षा खरोखरच जास्त प्रकाशाने चमकते. तिथे घडी कमी घालावी लागते, सावली न उपसताही ढग ढग राहतो, आणि माझ्या मते या तंत्रातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली गोष्ट हीच. पण तोच फोटो जुन्या पडद्यावर गेला किंवा छापायला दिला की जादा प्रकाश गळून पडतो आणि उरते ती साधी, सपाट आवृत्ती. म्हणून भिंतीवर लावायच्या चार-दोन फोटोंची घडी कागदासाठी वेगळी घालावी: पडद्याचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून पाहावं, ओल्या वाळूची कसोटी लावावी, चकचकीत कागदावर सावल्या जरा मोकळ्या आणि मॅट कागदावर आणखी थोड्या मोकळ्या ठेवाव्यात, कारण मॅटचा काळा तितका काळा नसतो. छपाईच्या मशीनवर बहुधा आपोआप सुधारणा करण्याची सोय चालू असते. ती गडद कोपरे चुकीचे समजून उजळते. फाईल देतानाच ‘करेक्शन न करता छापा’ असं सांगावं, आणि आधी एक छोटी प्रत काढून खिडकीजवळच्या उजेडात पाहावी.